उजेडाची मोजणी

बाल्कनीत स्टुलावर बायकोला बसवून मोजणीदारांनी तिच्यावर एकामागून एक तीन यंत्रं रोखली. पहिलं म्हणालं चार, दुसरं म्हणालं आठ आणि तिसरं म्हणालं सोळा. बाल्कनी एकच, बायको एकच आणि सकाळचे दहासुद्धा एकदाच वाजले होते.

"झालं का?" बायकोने ओठ न हलवता विचारलं. फोटोला बसलं की हलायचं नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

"अगं, सुरुवात कुठे झालीय अजून?" वहीत आकडे टिपत मोजणीदार म्हणाले.

मोजणीदार म्हणजे जमीन मोजणीच्या कचेरीतून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले गृहस्थ. माणूस सरळ, पण आकडा दिसल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. सासऱ्यांचा जुना फिल्मचा कॅमेरा त्यांच्याकडे आला होता. ह्या कॅमेऱ्याला उजेड किती आहे ते स्वतःहून कळत नसे. आपण मोजायचं आणि त्याला सांगायचं. त्यासाठी हातात धरायचा लाइट मीटर हवा. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या स्क्रूकाकांनी तीन मीटर पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, "शनिवारपर्यंत वापरून बघा. एक ठेवून घ्या, दोन परत करा." ही रविवारची गोष्ट.

फोटो मात्र हौसेचा नव्हता. बायको कापड रंगवण्याच्या कारखान्यात प्रयोगशाळेची प्रमुख होती आणि ह्या महिनाअखेरीस निवृत्त होणार होती; उरलेली रजा संपवायला हा आठवडा घरी होती. गिऱ्हाइकाने कापडाचा तुकडा पाठवायचा आणि हिने तो खिडकीशी धरून "पिवळा जरा कमी," किंवा "निळा थोडा वाढवा," असं सांगायचं, असं तिचं तीस वर्षांचं काम. तिथल्या भिंतीवर निवृत्त झालेल्या प्रत्येक प्रमुखाचा फोटो लागे. आणि हिचा एकही फोटो धड नव्हता. लग्नाच्या फोटोत ती पिठाच्या डब्यात पडल्यासारखी दिसे आणि कारखान्याच्या ओळखपत्रावर कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी.

"मोबाइलवर काढा ना, बाबा," लेक म्हणाली होती.

"तुझा मोबाइल मला गोरी करतो," आई म्हणाली. "मी गोरी नाही. जगाचे रंग जुळवले मी. माझा रंग अजून एकालाही जुळवता आला नाही." हे ती हसत म्हणाली, पण मोजणीदारांना ते लागलं. त्यांनी त्याच दिवशी स्क्रूकाकांचं दुकान गाठलं.

तर आता चार, आठ आणि सोळा. आकडा लहान तर कॅमेऱ्याचं छिद्र मोठं आणि आत उजेड जास्त, एवढं पुस्तकात वाचलेलं. चार धरला आणि चुकला, तर पुन्हा पिठाचा डबा. सोळा धरला आणि चुकला, तर पुन्हा वखार. मोजणी खात्याचा शिरस्ता असा, की एका मापावर जायचं नाही. तीन मापं घ्यायची आणि सरासरी काढायची. मोजणीदारांनी सरासरी काढली. नऊ पूर्णांक तेहेतीस शतांश आली. कॅमेऱ्याच्या कड्यावर हा आकडा नव्हता.

"यंत्रं खोटं बोलताहेत," ते म्हणाले. "कोणतं, ते शोधलं पाहिजे."

त्यासाठी न बदलणारा उजेड हवा. जमिनीच्या मोजणीत जशी एक पक्की खूण धरतात, की बाकी सगळं हललं तरी ती हलणार नाही, तशी. इमारतीच्या जिन्यात दिवसाही अंधार आणि दिवा कायम चालू. मोजणीदार मंगळवारी स्टूल घेऊन दुसऱ्या मजल्याच्या दिव्याखाली चढले. खात्री म्हणून तिसऱ्या मजल्यावरही माप घेतलं. वही घेऊन उतरत असताना तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी दार उघडलं.

"काय चाललंय?"

"काही नाही. उजेड मोजतोय. तुमच्याकडे दुसऱ्या मजल्याच्या एक चतुर्थांश आहे."

हे वाक्य वकिलासमोर बोलायचं नसतं. वकीलबाई गेल्या महिन्यात त्याच पायरीवरून घसरल्या होत्या आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी "बघून चालावं माणसाने," असं म्हटलेलं त्या विसरल्या नव्हत्या.

"लेखी देता?"

मोजणीदारांनी पस्तीस वर्षांत मापाचा कागद कुणाला नाकारला नव्हता. त्यांनी सही करून दिला. बुधवारी सेक्रेटरींच्या दारात सात जण उभे होते. पहिल्या मजल्यावाल्यांना आपला उजेड मोजून हवा होता, चौथ्यावाल्यांचं म्हणणं होतं की आम्ही इतकी वर्षं चाचपडतोय आणि आम्हाला कुणी विचारतही नाही. सेक्रेटरींनी हात टेकले. गुरुवारी दुपारी वायरमन आला आणि त्याने तळापासून गच्चीपर्यंत सगळे दिवे काढून नवे, लख्ख दिवे लावले.

गुरुवारी संध्याकाळी मोजणीदार स्टूल घेऊन जिन्यात आले, तेव्हा त्यांची पक्की खूण कचऱ्याच्या डब्यात पडली होती.

"तुमच्यामुळे झालं हो हे!" वकीलबाईंनी वरून हात जोडले. सेक्रेटरींनीही जोडले, पण वेगळ्या अर्थाने.

मग मोजणीदारांना फ्रिजमधला दिवा सुचला. तो बदलायला वायरमन येणार नव्हता. शुक्रवारी सकाळी ते फ्रिजचं दार उघडून पाऊण तास समोर बसले. दूध नासलं, लोणी वितळलं आणि तिन्ही यंत्रांचं भांडण काही मिटलं नाही.

आता मात्र बायकोचा संयम संपला. बटाटे सोलता सोलता ती म्हणाली, "अहो, खोटं कुणीच बोलत नाहीये. ते सुईवालं तुम्ही माझ्या काळ्या स्वेटरवर रोखता. त्याला वाटतं अंधार आहे. ते दुर्बिणीसारखं माझ्या पांढऱ्या केसांवर रोखता. त्याला वाटतं ऊन पडलंय. त्या पांढऱ्या गोटीवाल्याला मी दिसतच नाही. ते माझ्या तोंडाशी धरता, तेव्हा ते नुसता पडणारा उजेड मोजतं. तेच बरोबर. बाल्कनीत आठच आहे."

"तुला काय माहीत?"

"पाच दिवस तुमच्यासमोर बसलेय. दुसरं काय करणार होते? उजेड बघत होते आणि तुम्ही पुटपुटत होता ते आकडे ऐकत होते."

मोजणीदार गोटीवाला मीटर घेऊन उठले. "इथे, ओट्यापाशी?"

"चार."

मीटर म्हणाला चार. मोजणीदारांनी दिवाणखाना, मोरी, लेकीचं टेबल, कपाटामागची भिंत असं सगळं घर पालथं घातलं. प्रत्येक ठिकाणी आधी बायको सांगे, मग मीटर. दहापैकी नऊ वेळा दोघांचं जमलं. दहाव्या वेळी मीटर म्हणाला साडेपाच आणि बायको म्हणाली आठ.

"चुकलीस!" मोजणीदारांना जरा बरंच वाटलं.

"सेल बदला त्याचा," बायको म्हणाली.

सेल बदलला. आठ आला.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी तिन्ही मीटर स्क्रूकाकांच्या काउंटरवर ठेवले.

"कोणता ठेवताय?"

"एकही नाही," मोजणीदार म्हणाले. "घरीच निघाला." स्क्रूकाकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि खोकी बंद केली.

रविवारी बायको पुन्हा बाल्कनीत बसली. फिल्म एकच, फोटो बारा. आभाळात ढगांची ये-जा चालली होती आणि उजेड घडीघडीला बदलत होता. मोजणीदार कॅमेऱ्याला डोळा लावून विचारत, "किती?" बायको सांगे, "आठ." ते कडं फिरवून बघत, तोवर ढग सरकलेला असे. म्हणून त्यांनी शेवटी युक्ती काढली. एक बोट कड्यावर आणि एक खटक्यावर तयार ठेवायचं आणि आकडा कानावर पडताक्षणी कडं फिरवून खटका दाबायचा. उजेडाला बदलायची संधीच द्यायची नाही. बाराच्या बारा फोटो त्यांनी असे काढले आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतकं बिनचूक काम आपण केलं नव्हतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

बुधवारी फोटो धुऊन आले. पहिला काढला आणि मोजणीदार मटकन खाली बसले.

चेहरा हुबेहूब आला होता. गालाचा रंग, कपाळाची सुरकुती, डोळ्यांखालची सावली, सगळं जिथल्या तिथे. फक्त तोंड उघडं होतं. दुसऱ्यातही उघडं. लेकीने बाराही फोटो टेबलावर मांडले. "ह्यात 'आठ'. ह्यात 'साडेपाच'. ह्यात पुन्हा 'आठ'. बाबा, आई बाराही फोटोंत बोलतेय!"

"मीच विचारत होतो," मोजणीदार कसंबसं म्हणाले. दुसऱ्या फिल्मला वेळ नव्हता. बायको कामावरून यायच्या आत त्यांनी त्यातल्या त्यात कमी उघड्या तोंडाचा फोटो चौकटीत घातला आणि कारखान्याच्या फाटकावरच नेऊन दिला. इतकी वर्षं पीठ आणि कोळसा झाला, आता हे. रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

निरोपाच्या दिवशी ते प्रयोगशाळेत मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. समोर माजी प्रमुखांची रांग होती, सगळे ओठ मिटून, ताठ बसलेले. शेवटच्या फोटोवरचं कापड दूर झालं. मोजणीदारांनी डोळे मिटून घेतले.

मग तिच्या हाताखालची मुलगी ओरडली, "अय्या, मॅडम 'पिवळा जरा कमी' म्हणताहेत!"

हशा उसळला, टाळ्या वाजल्या. कुणी म्हणालं, "रोज सकाळी दारातून आत आल्या की अगदी अशा!" म्हातारा रंगारी डोळे पुसत म्हणाला, "बाकीचे सगळे फोटो आहेत. ह्या बाई आहेत." मोजणीदारांनी डोळे उघडले. छाती भरून आली होती आणि ती किती भरून आली, हे मोजायची इच्छासुद्धा त्यांना झाली नाही.

बायको फोटोसमोर गेली. खिडकीतला उजेड तिच्यावर आणि फोटोवर सारखाच पडत होता. बराच वेळ ती स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. कधी जवळ जाऊन, कधी मागे सरून, मान तिरकी करून. मोजणीदार हळूच तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"जुळला का गं रंग?"

"जुळला," ती म्हणाली. मग तिने चौकट किंचित खिडकीकडे वळवली आणि पुन्हा एकदा पाहिलं.

"पिवळा जरा जास्त आहे."