दोन आसनांमधली फट

माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या असतात, आणि त्या दोन्ही देणारे यंत्र निर्माण करणे हे सुसंस्कृत समाजाचे कर्तव्य आहे. या कर्तव्यभावनेतूनच ते संशोधन-यान आकाराला येत होते. हेलिकॉप्टरसारखे जागच्या जागी वर उठायचे आणि मग विमानासारखे पंखांवर पुढे जायचे, असा त्याचा बेत होता. (ते कधीपासून आकाराला येत होते, हे विचारणे असभ्यपणाचे मानले जाई.)

यानाचे विभाग दोन. पात्यांच्या विभागाचे म्हणणे असे, की जमीन सुटल्याशिवाय बाकी सगळ्या गप्पा. तेव्हा हे मुळात हेलिकॉप्टरच. पंखांच्या विभागाचे म्हणणे असे, की नुसते वर जाऊन तिथेच घुटमळण्याला प्रवास म्हणत नाहीत. तेव्हा हे मुळात विमानच. दोन्ही म्हणणी बरोबर होती. (सुजाण वाचकाने इथे दोनदा मान डोलावली असेलच.)

आपली कळ दुसऱ्याच्या आसनाजवळ बसवायला कोणीच तयार होईना. म्हणून समन्वय समितीने उदार मनाने दोन आसने मंजूर केली: पुढे हेलिकॉप्टरचे, मागे विमानाचे. वैमानिक मात्र एकच मंजूर झाला. त्याने पुढे बसून यान वर न्यायचे, पाती थांबवायची, पट्टा सोडून उठायचे आणि दोन आसनांमधल्या फटीतून मागे जाऊन पंखांचा ताबा घ्यायचा. मधल्या वेळात यान कोणाचे, हा विषय पुढील बैठकीवर सोपवण्यात आला. फटीचे माप समितीच्या सर्वांत सडपातळ सदस्यावरून घेतले होते. (उरलेले सदस्य बैठकीतल्या बिस्किटांमुळे अपात्र ठरले.)

वैमानिकाला सगळे काका म्हणत. काकांनी आयुष्यभर तयार विमाने उडवली होती. हे एकच त्यांच्या डोळ्यांदेखत जन्मले होते. संध्याकाळी शेडच्या धुळकट काचांतून ऊन पंखांवर उतरले, की ते उगाचच त्यावरून हात फिरवीत आणि कोणी पाहिले तर धूळ पुसल्यासारखे करीत. निवृत्तीपूर्वी एकदा हे उडवायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. चाचणीची तारीख पुढे ढकलली जात जात नेमकी त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसावर येऊन थांबली.

काकूंनी त्यांना उकडलेल्या भाज्यांवर ठेवले होते. रोज स्वयंपाकघरात दोन खुर्च्या मांडून सराव चाले.

"पोट आत घ्या."

"घेतलंय."

"मग हे काय बाहेर आलंय?"

"हा मी आहे."

तरीही एके दिवशी काका खुर्च्यांमधून अलगद पार झाले. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

चाचणीच्या सकाळी पात्यांच्या विभागाने निरोपाचा केक कापला. काकांनी एक तुकडा खाल्ला. ते कळताच पंखांच्या विभागाने त्याहून मोठा केक मागवला. एकाचा खाऊन दुसऱ्याचा नाकारणे हा उघड पक्षपात झाला असता. मग पहिल्यांना वाईट वाटू नये म्हणून आणखी एक तुकडा, मग दुसऱ्यांना.

यान झोकात वर गेले. पाती थांबली. पंखांचा ताबा घेतल्याचा निरोप मात्र नियंत्रण कक्षात येईना. पाहुण्या म्हणून आलेल्या काकूंनी शेवटी माइकच ओढून घेतला.

"अहो, कुठे आहात?"

"मध्ये."

"मध्ये म्हणजे?"

"मध्ये म्हणजे मध्ये! पुढचं हाताला लागत नाही, मागचं पायाला लागत नाही."

"खरं सांगा, काय खाल्लंत?"

"केक."

"कोणाचा?"

"दोघांचा."

"मग आता हलू नका."

काका हलले नाहीत. यानही, कोणी काही सांगत नाही असे पाहून, आपल्या मनाने तरंगत आले आणि मैदानापलीकडच्या गवतात, थकून बसावे तसे, बसले. काकांना बाहेर काढायला दोन्ही विभाग प्रथमच एकत्र आले. (एक ओढत होता, एक ढकलत होता, बाजू मात्र एकच होती, त्यामुळे वेळ लागला.) आपण ते उडवले की नुसते त्यात होतो, हे काकांनी अजून कोणाला विचारलेले नाही. काकूही तो विषय काढत नाहीत.

समितीने निष्कर्ष काढला: यानाचे एकमेव यशस्वी उड्डाण कोणाचाही हात कोणत्याही कळीवर नसताना झाले. त्यानुसार दोन्ही आसने काढून टाकून फट कायम करण्यात येत आहे. काकांच्या जागी योग्य व्यक्ती हवी आहे. दोन्ही विभागांचे म्हणणे एका दमात ऐकून दोनदा मान डोलावणारी, एवढीच अट आहे.

आपली निवड झाल्याबद्दल अभिनंदन. माप घ्यायला माणूस निघालाच आहे. तो आल्यावर कृपया पोट आत घेऊ नये. समितीला नैसर्गिक माप हवे आहे.