घारेकाकांचा काटा

घारेकाकांकडे चहा प्यायचा तर आधी बोटांना पितळी पट्ट्या बांधून घ्याव्या लागत. "साखर पुरे?" ते विचारत. आपण "पुरे" म्हणायचं आणि काकांनी आपल्याकडे न बघता मीटरच्या काट्याकडे बघायचं. काटा सरकला की कपात आणखी अर्धा चमचा पडे.

दापोडीत रुळांजवळच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारीशेजारी. मी परभणीकडचा, सातवीत शाळा सुटलेला. पिंपरीच्या कारखान्यात चिकटलो तो काकांनी शब्द टाकला म्हणून. ते उपकार कसे फेडू, हीसुद्धा मला एक काळजीच. काका तिथे गेजरूममध्ये होते. मापायची हत्यारं बरोबर मापतात की नाही, हे तपासायचं काम. "आधी माप तपासा, मग माल," हे त्यांचं पालुपद. भाजीवालीच्या तराजूपुढेही तेच.

भंगारातला मीटर, दोन सेल आणि रद्दीतल्या इंग्रजी मासिकातलं एक चित्र, एवढ्या भांडवलावर त्यांनी खोटं पकडायचं यंत्र केलं होतं. गुरुवारी कारखान्याला सुट्टी. दुपारी कडुलिंबाची सावली खोलीत येऊन डुलायची, मालगाडी गेली की कपबश्या किणकिणायच्या, आणि त्या पेंगुळल्या उजेडात काका एकेकाला तपासायचे. बघताबघता मला वाटायचं, काटा म्हणजे गवताचं पातं आहे. माणसाच्या आतला वारा लागून हलतंय. काकू कुठे, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "आठ दिवस माहेरी गेलीय." मी आल्यापासून दोन दिवाळ्या झाल्या होत्या.

मग कारखान्यात केसाएवढी जाडी मापायचा मायक्रोमीटर हरवला. हत्यारांच्या खिडकीवर मी असायचो. कामगाराने आपला बिल्ला द्यायचा, हत्यार न्यायचं. बिल्ला राहतो खिळ्याला. त्या दिवशी मायक्रोमीटर जागेवर नव्हता आणि खिळ्याला बिल्लाही नव्हता.

फोरमनसाहेब म्हणाले, "घारे, उद्या तुमचं ते यंत्र आणा. काटा हलला, तर याचं काम सुटलं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळं खातं गोळा. "राव, तिकीट लावा की!" कुणीतरी ओरडलं. पट्ट्या बांधताना माझी बोटं घामाने निसटत होती.

"मायक्रोमीटर तू घेतलास?" काकांनी विचारलं.

"नाही." काटा पार टोकाला.

"सापडला चोर!" साहेब म्हणाले.

"थांबा. आधी माप तपासा, मग माल." काका माझ्याकडे वळले. "तुझं नाव काय?"

"सुदाम." काटा टोकाला.

"गावाकडे आई आहे?"

"आहे." काटा थाडकन आपटला.

"हा काय आईबद्दल खोटं बोलतोय, साहेब? बरं, आता तुमची बोटं द्या."

साहेबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. खातं खो खो हसलं. "जा रे कामाला," साहेब पुटपुटले. दोन दिवसांनी मायक्रोमीटर त्यांच्याच टेबलाच्या खणात निघाला. साहेबांना बिल्ला लागत नसे.

"काटा खोटं नाही पकडत, भीती पकडतो," काका घरी येताना म्हणाले. "आणि तू तर भीतीचं कोठार!" बाद मापाला देतात तसा त्यांनी यंत्राला लाल ठिपका दिला आणि सेल काढून रेडिओत घातले.

दिवाळीआधीच्या गुरुवारी आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी द्यायला गेलो. दार लोटलेलं. रेडिओ हळू गात होता. काका लाल ठिपक्याच्या यंत्रापुढे, बोटांना पट्ट्या, डोळे मिटलेले.

"ही दिवाळीला येईल," ते सावकाश म्हणाले. मग, डोळे न उघडताच, "कोण, सुदाम? हलला का रे?"

"नाही, काका."

"बघ!" म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की 'आधी माप' हे ओठांवर आलेले शब्द मी गिळले. रेडिओ गातच होता.

"येतील काकू," मी म्हणालो. पट्ट्या माझ्या बोटांना असत्या आणि यंत्रात सेल असते, तरीही तेव्हा काटा हलला नसता.