बाळूला कोणी आत घेईना

आमचे शेजारी दिघेकाका पाहुण्यांना पाणी विचारायच्या आधी संगणकापुढे बसवतात आणि त्यांच्या हाताकडे टक लावून बघतात. त्यामुळे मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत त्यांच्याकडे फारसं कोणी फिरकत नाही. मी मात्र जाते, कारण मला त्यांची मजा वाटते.

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर काकांनी एक प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव बाळू. बाळू आपला आपणच ब्राउझर उघडून वेबसाइटी वाचत हिंडतो आणि हा माणूस नाही, यंत्र आहे, हे त्या कशावरून ओळखतात, ते काका शोधतात. बाळू अगदीच सरळमार्गी. बटणाच्या बरोब्बर मध्यावर क्लिक करतो, भलंमोठं पान डोळ्याचं पातं लवायच्या आत संपवतो आणि वर त्याचा ब्राउझरच दारात सांगून टाकतो, 'मला प्रोग्राम चालवतोय.' की लगेच हकालपट्टी!

"यार, परत पकडला गेला गधा!" काका टाळी वाजवून ओरडतात. मग एकच गोष्ट बदलायची, जरा हळू वाचायला लावायचं आणि पुन्हा पाठवायचं. माणसासारखा वाकडातिकडा माउस कसा फिरवायचा, हे बाळूला शिकवायला मला बसवलं. "अगं, गुरुग्रामला एवढ्या मोठ्या कंपनीत आहेस, पण माउस काय सुंदर भरकटवतेस! बिल्कुल माणूस!" माझ्या नवऱ्यानेही माझं इतकं कौतुक कधी केलेलं नाही.

एकदा बघते तर करोल बागेतल्या एका साडीवाल्याच्या साइटवर बाळू माउसला हात न लावता, नुसत्या कीबोर्डवर चालला होता. आणि सारखा बाहेर फेकला जात होता. "काका, असं कोण वापरतं?" मी हसत विचारलं.

काका हसले नाहीत. "तुझी काकू," ते म्हणाले.

आजारपणानंतर काकूंचा उजवा हात थरथरतो, माउस धरवत नाही. डाव्या हाताने बटणं दाबत त्या साडी घ्यायला गेल्या, तर साइटने त्यांना यंत्र ठरवून बाहेर काढलं. "मला आता माणसांत धरत नाहीत," म्हणाल्या आणि संगणकाला शिवणंच सोडलं. बाळूचा जन्म त्यानंतरचा.

काकांनी दुकानाच्या साइटवाल्याला घरी बोलावून सगळं दाखवलं. माउस हलवणारा बाळू आत, न हलवणारा बाहेर. बिचारा वरमला. ती अट त्याने काढून टाकली.

रविवारी काकू बसल्या. शेजारी काका, मदत करायचा मोह नको म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून. एकेक बटण दाबत काकूंनी अंजिरी साडी निवडली, पत्ता घातला आणि ऑर्डर गेली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अहो, मी माणूस आहे का, हे विचारलंच नाही या साइटने," काकू म्हणाल्या.

"कशाला विचारेल?" काका म्हणाले. डोळे पुसायला ते हात काढू लागले.

"अच्छा, हात तसेच राहू द्या," काकू म्हणाल्या. "वन्संसाठीही एक घेते."