वाफेचा माणूस

गणवीरभाऊ मोपेडवरून जाताना वळणावर शिट्टी मारतात. तोंडानं. मोपेडला हॉर्न आहे, तो वाजतोही, पण तो गाई-म्हशींसाठी. वळण आलं, शाळा आली, कुडव्याच्या चौकातली पानटपरी आली, की भाऊ मान जरा वर करतात आणि 'कूऽऽऽक' अशी लांबलचक शिट्टी घालतात. नवा माणूस दचकून नालीत पाय घालतो. जुना माणूस न बघताच म्हणतो, "आले भाऊ." वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलंय, पुढचे दात पडलेत, त्यामुळे हल्ली शिट्टीत थोडी वाफ जास्त आणि आवाज कमी असतो. त्याबद्दल विचारलं तर म्हणतात, "बॉयलर जुनं झालं बावा. चालतेच."

आम्ही दोघं पाटबंधारे खात्यात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून म्हातारे झालो. ते सिनियर, मी ज्युनियर. बोदलकसा तलावाचं पाणी कुठल्या कालव्याला किती सोडायचं, याचे कागद आमच्या टेबलावरून जायचे. भाऊंना मात्र पाणी कालव्यात सोडणं हीच मुळात उधळपट्टी वाटे. पाण्याचा खरा उपयोग एकच, त्याची वाफ करावी आणि त्यावर इंजिन चालवावं.

जगात त्यांच्या मते दोनच प्रकारचे लोक. वाफेचे आणि डिझेलचे. डिझेलचा माणूस म्हणजे किल्ली फिरवली की सुरू, किल्ली काढली की बंद. ना तापणं, ना निवणं. वाफेचा माणूस सकाळी उठवावा लागतो, त्याला पाणी पाजावं लागतं, कोळसा घालावा लागतो, मग तो हळूहळू रंगात येतो आणि एकदा आला की थांबत नाही. ऑफिसात उशिरा येण्याचं समर्थन ते असंच करायचे. आमच्या साहेबांना त्यांनी 'शंटिंगचं इंजिन' असं नाव ठेवलं होतं. दिवसभर मागं-पुढं, मागं-पुढं, पण गाव काही येत नाही. साहेबांच्या कानावर ते गेलं तेव्हा भाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, शंटिंगबिगर एक गाडी लागत नाही फलाटाले. मी तं तारीफ करून राहिलो." साहेब खूश झाले. डिझेलचेच होते.

रजेच्या अर्जात बाकीचे लोक मावश्या मारायचे, आत्या आजारी पाडायचे. भाऊ कारण लिहायचे, 'इंजिन पाहणे'. ही त्यांची दर हिवाळ्यातली सुट्टी. धानाची कापणी झाली, हवा कोरडी झाली, की भाऊ निघाले छोट्या लाईनवर. तेव्हा गोंदियाहून छोटी गाडी सुटायची. रूळ इतके जवळ की बायका त्यावर एक एक पाय ठेवून गप्पा मारायच्या. लोक ती गाडी दुसरं काही नव्हतं म्हणून पकडायचे. भाऊ ती दर्शनाला गेल्यासारखी पकडायचे. कुठं उतरायचं ठरलेलं नसे. इंजिन पाणी घ्यायला थांबलं की हे उतरून त्याच्याकडे बघत उभे. डोळ्यांत कोळशाची कणी, सदरा काळा, आणि तोंडावर नव्या जावयाचं हसू.

आमच्या वहिनी, म्हणजे कौसल्याबाई, यांनी या सुट्टीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांचं कारण सबळ होतं. लग्न लागलं वडशाकडे आणि वरात आली छोट्या गाडीनं. भाऊंनी नव्या नवरीला डब्यात बसवलं, ट्रंक तिच्या पायाशी ठेवली, "येतो" म्हणाले आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन उभे राहिले ते थेट गोंदियाला उतरले. वहिनी सांगायच्या, "नवरा इंजिनात अन् नवरी डब्यात! शेजारच्या बाईनं मले इचारलं, एकटीच चालली का वो पोरी? का सांगू मी तिले?" त्या दिवसापासून इंजिनाला त्या 'सवत' म्हणत. भाऊंचा सदरा धुताना जे धोपटणं ऐकू येई ते सदऱ्यासाठी नसे.

भाऊंच्या आयुष्यात एकच दुःख होतं. त्यांच्याकडे धावत्या इंजिनाचा फोटो नव्हता. उभ्या इंजिनाचे होते. पाणी पिणाऱ्या, कोळसा घेणाऱ्या, राख झाडणाऱ्या इंजिनांचे होते. पण ते म्हणत, "उभ्या इंजिनाचा फोटो म्हंजे निजलेल्या मानसाचा फोटो. इंजिन कसं पाहिजे? समोरून येऊन राहिलं पाहिजे, अन् वरतं काळा धूर!" आणि एका हिवाळ्यात बातमी आली की छोट्या लाईनवरची वाफ आता संपणार, डिझेल येणार. भाऊंनी दोन दिवस जेवणात लक्ष घातलं नाही. मग रजेचा अर्ज लिहिला. या खेपेला कारण होतं, 'इंजिन शेवटचे पाहणे'. साहेबांनी मुकाट सही केली. सुतकच की ते.

त्याच सुमाराला दोन गोरे गोंदियाच्या स्टेशनावर आले. वाफेची शेवटची इंजिनं बघायला देशोदेशी हिंडणारे. भाऊंना त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना भाऊंची नाही. पण भाऊंनी 'छुक छुक' म्हटलं, गोऱ्यांनी 'कूऽऽ' म्हटलं आणि तिघं एकमेकांच्या गळ्यात पडले. उरलेल्या बोलण्यासाठी मला धरलं. आणि नवल म्हणजे वहिनी म्हणाल्या, "मी बी येतो. सवत मरून राहिली, तोंड तं पाहून घेतो." बरोबर त्यांनी वड्यांचा मोठा डबा घेतला.

भाऊंच्या कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता. बाकीचा रोल मेहुण्यानं पोराच्या नामकरणात संपवला होता, आणि दुसरा रोल गोंदियात त्या आठवड्यात मिळाला नाही. भाऊ कॅमेरा दुधाच्या भांड्यासारखा दोन्ही हातांत धरून बसले होते. "एकच आहे," ते सारखं म्हणत होते. "पन चालत्या इंजिनाचा."

गोऱ्यांकडे त्याची युक्ती होती. त्यांच्याकडचे शौकीन म्हणे असं करतात: मोकळ्या जागी गाडी थांबवायची, कॅमेरेवाल्यांनी खाली उतरायचं, गाडीनं मागं जायचं आणि मग जोरात, धूर काढत, त्यांच्यासमोरून यायचं. हे मी भाऊंना सांगितल्यावर त्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं वाफेवर प्रेम करून ही गोष्ट त्यांना सुचली नव्हती.

अडचण होती ती शेखचाचांची. शेखचाचा म्हणजे ड्रायव्हर. भाऊंचे जुने मित्र. गाडी मागं न्यायला ते तयार होते. डबे जवळजवळ रिकामे, पुढं कुणी वाट बघत नाही, गार्डही त्यांचाच चेला. पण धुराचं नाव काढताच चाचा भडकले. "काला धुआँ? गणवीर, काला धुआँ अनाड़ी निकालता है! जिसको कोयला डालना नहीं आता, वो! पूरी नौकरी में मेरे इंजन ने काला नहीं थूका, अब जाते-जाते नाक कटवाऊँ?"

हे खरंच होतं. चांगल्या ड्रायव्हरचं इंजिन पांढरी वाफ सोडतं. काळा धूर म्हणजे कोळसा वाया. गोरे सातासमुद्रापलीकडून आले होते ते नेमका हा अनाडीपणा टिपायला. भाऊंनी चाचांचे हात धरले. वहिनींनी वड्यांचा डबा उघडला. चाचा एक वडा खाऊन विरघळले, दुसरा खाऊन म्हणाले, "ठीक है. सिर्फ एक बार. किसी को बोलना मत कि शेख चला रहा था."

धानाच्या बांध्यांमध्ये एक ओसाड हॉल्ट होता. तिथं आम्ही उतरलो. वहिनी काही उतरल्या नाहीत. "तिकीट बसाचं काढलं आहे, वावरात उभं राहाचं नाही," म्हणाल्या आणि खिडकीशी बसून राहिल्या. गाडी मागं गेली, लांब वळणाआड दिसेनाशी झाली. गोऱ्यांनी तिपायी रोवली. भाऊ बांधावर एक गुडघा टेकून बसले. कपाळावर घाम. एकच फोटो.

आणि मग ती आली. काय सांगू! चाचांनी आयुष्यभर दाबून ठेवलेला सगळा काळा धूर त्या एका खेपेत सोडला होता. आभाळ भरलं, बगळे उडाले, जमीन हादरली. गोरे ओरडत होते, कॅमेरे कटकट वाजत होते. डब्यातले लोक खिडक्यांतून हात हलवत काहीतरी ओरडत होते. आम्हीही आनंदानं हात हलवले. गार्ड हिरवी झेंडी दाखवत गेला, त्यालाही हलवले.

गाडी लहान होत होत गेली. धूर खाली बसला. आम्ही ती थांबायची वाट बघत होतो.

फोटो झाल्यावर थांबायचं, हे चाचांना कुणी सांगितलंच नव्हतं. गोऱ्यांना वाटलं, हे जगजाहीर आहे. भाऊंना वाटलं, गोऱ्यांनी सांगितलं असेल. आणि चाचांचा हिशेब सरळ होता: जे उतरले ते उतरले. लोक हॉल्टवर उतरतात, गाडी पुढं जाते. रेल्वे आजवर अशीच चालत आली आहे.

आमचं पाणी, वडे आणि वहिनी, तिन्ही पुढं निघून गेलं होतं. आम्ही रुळावरून चालायला लागलो. गोरे या प्रकारावर इतके खूश होते की मला त्यांचा राग आला. मी भाऊंना विचारलं, "भाऊ, आला का फोटो?" भाऊ कॅमेरा छातीशी धरून चालत राहिले. इतक्यात पुढच्या स्टेशनाकडून इंजिनाची शिट्टी आली. तुटक, वेडीवाकडी, मग एकदम लांब. भाऊ थबकले. "हा हात शेखचा नोहे," म्हणाले.

नव्हताच. पोहोचलो तेव्हा वहिनी इंजिनात उभ्या होत्या, पदर खोचलेला, आणि शिट्टीची दोरी त्यांच्या हातात. गाडी आमच्याशिवाय सुटू नये म्हणून गार्डची हिरवी झेंडी त्यांनी आपल्या पिशवीत घालून ठेवली होती. वडे संपले होते. चाचा हसून हसून पुसत होते डोळे. "भाभी पूरी रेलगाड़ी रोक के बैठी है!" वहिनी भाऊंना म्हणाल्या, "गोंदियापर्यंत मी इथंच उभी राहातो. तुमी बसा डब्यात." भाऊ गेले, निमूट बसले.

पुढं गोऱ्यांनी पोस्टानं त्यांचा फोटो पाठवला. अप्रतिम. भाऊंनी तो टेबलाच्या काचेखाली ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. "अन् तुमचा कुठं आहे?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "रोल जळला. स्टुडिओवाला डिझेलचा होता." आम्ही निवृत्त होईपर्यंत त्यांना त्यावरून छळलं. साऱ्या गोंदियात इंजिनावर एवढा मरणारा माणूस नाही, आणि धावत्या इंजिनाचा एक फोटो नाही! भाऊ हसायचे. छोटी लाईन मोठी झाली, तिच्यावर तारा आल्या. भाऊ विजेच्या गाडीला गाडी म्हणत नाहीत. 'ते जाऊन राहिलं' एवढंच म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. चार दिवसांचा ताप, बस्स. मुलगा पुण्याहून आला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो पाहिजे म्हणून घर धुंडाळलं. वहिनींना फोटोचं वावडं. मुलाच्या मोबाइलमध्ये लग्नांतले होते, त्यात त्या कुणाच्या तरी खांद्यामागे. आधार कार्डावरच्या फोटोत तर पोलिसांनी धरून आणल्यासारख्या दिसत होत्या. मुलगा म्हणाला, "बाबा, हाच मोठा करू का?" भाऊ उठले आणि आतल्या खोलीत गेले. बऱ्याच वेळानं एक फोटो घेऊन बाहेर आले. काळा-पांढरा, कडा पिवळ्या पडलेला.

छोट्या गाडीच्या डब्याची खिडकी. खिडकीतून अर्ध्या बाहेर आलेल्या वहिनी. केस उडालेले, गालावर काजळी, एक हात लांब केलेला, तोंड उघडं. आयुष्यात त्यांना इतकं देखणं मी कधी पाहिलं नव्हतं. फोटोत इंजिन नव्हतं. धुराची एक शेपटी तेवढी वरच्या कोपऱ्यात होती.

मला सगळं उमगलं. तरी सवयीनं मी विचारलंच, "भाऊ, अन् इंजिन?"

"इंजिनाचे फोटो काढाले तं सारे होते बावा," भाऊ म्हणाले. "गोरे होते, त्याइचे कॅमेरे होते. हिचा कोन काढनार होता?"

मुलगा फोटो हातात घेऊन बघत होता. म्हणाला, "आई काय बोलते आहे यात?"

भाऊंनी फोटो त्याच्याकडून परत घेतला आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसला.

"चढा म्हणते," ते म्हणाले. "गाडी चालली, चढा ना जी."