एकोणतीस तारीख

अंडं तळहातावर आलं की शकिलाची करंगळी किंचित वर उचलली जाई. अंडं भारी असलं तर ती जागची हलत नसे. चाकूरजवळच्या शेषेरावांच्या पोल्ट्रीवर अकरा वर्षं अंड्यांची निवड या करंगळीवर चालली होती.

आता तिथं मशीन आलं होतं. अंडं पट्ट्यावरून ताटलीवर येई, वजन होई, आणि ते आपापल्या कप्प्यात घरंगळे. मग माझ्या कामाचं काय, असं शकिलानं दोन महिन्यांत चारदा विचारलं होतं. शेषेरावांचं उत्तर ठरलेलं होतं, "बघू."

एकोणतीस तारखेला पूजा झाली. शेषेरावांच्या पत्नी सिंधुताईंनी मशीनला हळदकुंकू लावलं आणि सपाट जागा बघून ताटलीवर लिंबू ठेवलं. नारळ फोडून शेषेरावांनी मशीन बसवून गेलेल्या मिस्त्रीच्या सांगण्याप्रमाणे झिरोचं बटण दाबलं. मग लिंबू उचलून मशीनच्या दांडीला बांधलं आणि पट्टा सुरू केला.

पहिलं अंडं 'छोटं'च्या कप्प्यात गेलं. दुसरंही. शंभरावंही तिकडंच गेलं आणि कप्पा भरून अंडी शेषेरावांच्या नव्या चपलांवर उतरू लागली.

मशीन चुकत नसतं, तेव्हा दोष कोंबड्यांचा. त्यांचं खाद्य बदललं. अहमदपूरहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी कोंबड्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि तब्येती झकास असल्याचं सांगितलं. म्हणजे नजरच लागली होती. सिंधुताईंनी शेडला आणखी सात लिंबं बांधली. सकाळीही अंडी छोटीच निघाली, तेव्हा शेषेरावांनी मशीनचाच पायगुण वाईट ठरवला आणि ते परत न्यायला दुपारी टेम्पो सांगितला.

शकिला गप्प राहिली असती तर तिचं काम शाबूत होतं. पण एक अंडं तिच्या हातात होतं आणि करंगळी हलत नव्हती.

"मालक, ताटली रिकामी असली तरी बी हे एकोणतीस दाखवून राहिलंय."

"तारीख हाय ती."

"आज तीस हाय."

शेषेरावांनी कॅलेंडर पाहिलं. "म्हागं पडली असंल."

"आन् तिच्याम्होरं आडवी रेघ?"

"हळद लागली असंल. पुसा."

शकिलानं पदरानं पुसलं. हळद निघाली, रेघ राहिली. मग तिनं दांडीचं लिंबू सोडून ताटलीवर ठेवलं. रेघ गेली, एकोणतीस गेले, शून्य आलं.

"लिंबासकट झिरो दाबला तुमी," ती म्हणाली. "हर अंड्यातून त्यानं एक लिंबू वजा केलं. लई इमानदार हाय बिचारं."

तिनं लिंबू उचललं, बटण दाबलं. अंडी पुन्हा धावू लागली, मोठी मोठ्यांत, छोटी छोट्यांत. शकिला एकेक उचलून करंगळीशी ताडून पाहत होती. चाळीस अंड्यांत एकदाही दोघांचं वाजलं नाही. तिनं पट्ट्यावर हलकेच थाप मारली, शहाण्या वासराला मारावी तशी, आणि डबा उचलला.

"उद्या येऊ का न्हाई, तेवढं सांगा मालक."

"बघ..." शेषेरावांनी सुरुवात केली. सिंधुताई हातातलं लिंबू खालीवर झेलत त्यांच्याकडं बघत होत्या.

शेषेरावांनी चपलेवरचा वाळलेला बलक खरवडला आणि घसा साफ केला.

"शकिलाआपा, उद्यापासून झिरो तुमीच दाबायचा. मशीन तुमच्या हाताखाली."