टिटवीचा आयत्या वेळचा विषय

एका जंगलात एक योजना होती. एकशे चाळीस पानांची, कडक पुठ्ठ्याची, लाल नाडी बांधलेली. समुद्र ओलांडून पलीकडच्या बेटावर चढाई कशी करायची, ते तिच्यात लिहिलं होतं. तीन राज्यांच्या फौजा, चारशे होड्या, नऊ हजार जनावरं.

मुलांनो, कालिंदी टिटवीने ती योजना शेवटच्या पानापर्यंत वाचली. योजनेत फुलांच्या हारांचा उल्लेख सतरा वेळा होता. पाण्याचा एकदाही नव्हता.

ही कालिंदी संयुक्त युद्धमंडळात लेखनिक होती. सभा भरली की कोण काय बोललं ते लिहून काढायचं, हे तिचं काम. बी. ए. झालेली, भूगोल घेऊन. पण भारी दचकणारी. कुणी शिंकलं तरी दोन हात वर उडायची. मग सगळे हसायचे. मग तीही हसायची, पण छातीतली धडधड पुढे बराच वेळ चालू राहायची.

चढाई कशासाठी होती, तेही सांगते. बेटावर मगरी घुसल्या होत्या आणि तिथल्या सशांना त्यांनी दात घासायच्या कामाला जुंपलं होतं. स्वतःचे नव्हे, मगरींचे. एकेका मगरीला साठ-पासष्ट दात, सकाळ-संध्याकाळ. आणि घासता घासता मगरीला जांभई आली, की हजेरीत एक ससा कमी व्हायचा.

तेव्हा चढाई करायलाच हवी होती. त्यात काही वाद नव्हता. वाद वेळेचा होता, आणि तो फक्त कालिंदीच्या डोक्यात होता.

योजनेच्या बावन्नाव्या पानावर लिहिलं होतं: पौर्णिमा, सकाळी ठीक सहा, किनाऱ्यावर पाऊल.

कालिंदीने बोटांवर, म्हणजे नखांवर, हिशोब केला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिला कॉलेजात नव्हतं शिकवलं, आईने शिकवलं होतं. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे समुद्र काठोकाठ भरणार सव्वाअकराला. आणि पहाटे पाचला तळाला गेलेला असणार. सहाला बेटासमोर काय असेल? अर्धा कोस चिखल.

आणि पहिल्या होडीत कोण बसणार होतं? साळू साळिंदर. कालिंदीची हॉस्टेलमधली जिवाची मैत्रीण. तिला पोहता येत नव्हतं, आणि चिखलात तर ती पळूसुद्धा शकली नसती.

कालिंदी धावत साळूकडे गेली.

"साळू, तू त्या होडीत बसू नकोस!"

"का गं दचके?"

"तिथे चिखल असणार आहे."

"तू ना!" साळू भाला पुसत म्हणाली. "हॉस्टेलात दिवे गेले की तू भूकंप भूकंप म्हणून पलंगाखाली शिरायचीस. मी काढायची बाहेर. आठवतंय?"

"हे तसं नाहीये गं."

"मग साहेबांना सांग. मला सांगून काय? मी साधी शिपाई."

मग कालिंदीने धीर गोळा केला. त्याला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी सभेत तिने पंख वर केला.

सभेत त्या वेळी फार महत्त्वाची चर्चा चालू होती. बेटावर पहिलं पाऊल कुणाचं?

"आमचं," भाऊसाहेब रानडुक्कर म्हणाले. "चारशेपैकी तीनशे होड्या आमच्या आहेत."

"होड्या तुमच्या, पण वल्ही आमची," बापूसाहेब वानर म्हणाले. "वल्ह्यावाचून होडी म्हणजे परातच की हो!"

"परात कुणाला म्हणता?"

सरसेनापती दणकेराव गवा फार समजूतदार होते. दोन्ही मित्रराष्ट्रांना सांभाळून सांभाळून त्यांची शिंगं पांढरी झाली होती. ते म्हणाले, "तिघं एकदम पाऊल टाकू. तीन होड्या एकमेकींना बांधायच्या. पुढे शिपायांची होडी, तिच्यामागे आपण."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी कालिंदी दचकली आणि तिचा पंख आपोआप आणखी वर गेला.

"बोला बाई," गवा म्हणाले.

"साहेब, ते... सहाऐवजी सव्वाअकरा केलं तर? सहाला तिथे पाणी नसतं."

मग बापूसाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "बेटा, सहाला कोवळं ऊन असतं. थेट तोंडावर येतं. सव्वाअकराला ऊन डोक्यावर. फोटोत आमचे डोळे दिसतील का?"

"पण होड्या रुततील!"

"मुद्दा चांगला आहे," गवा मनापासून म्हणाले. "आयत्या वेळच्या विषयांत घेऊ."

मुलांनो, आयत्या वेळचे विषय सभेच्या अगदी शेवटी असतात. त्यांच्या आधी आभार असतात, आणि आभारांच्या आधी चहा. चहाबरोबर भजी आली की सभा संपते. त्यानंतर अकरा सभा झाल्या. अकराही वेळा कालिंदीने स्वतःच्या हाताने लिहिलं: 'आयत्या वेळचा विषय: समुद्र. वेळेअभावी पुढील सभेत.' आणि मग पौर्णिमाच आली.

आपल्या किनाऱ्यावरचा धक्का खोल पाण्यात होता, म्हणून होड्या झोकात निघाल्या. पुढे शिपायांची होडी, मागे पुढाऱ्यांच्या तीन, त्यांच्यामागे बाकीचा पसारा. होड्यांना तोरणं होती. कालिंदी वरून उडत होती आणि खाली बघायचं टाळत होती.

ठीक सहा वाजता 'फच्' असा आवाज झाला. मग आणखी एक. मग तीनशे अठ्ठ्याण्णव.

"हे काय?" भाऊसाहेब ओरडले.

"चिखल, साहेब," कालिंदी म्हणाली.

"कुणी घातला?"

नऊ हजार जनावरं अर्ध्या कोसावर रुतून बसली. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. समोर बेटाचा काठ स्वच्छ दिसत होता. मगरींना चिखल म्हणजे सासरहून माहेरी आल्यासारखा. घसरत यायला त्यांना पाच मिनिटंही लागली नसती. पुढच्या होडीत साळू उभी होती. तिचे सगळे काटे ताठ झाले होते.

"कालिंदी," ती हळूच म्हणाली, "तू बरोबर होतीस गं. आता मला पलंगाखालून काढ."

कालिंदीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ओरडायला लागली. "खाली वाका! तोरणं काढा! झाकून घ्या! अहो, कुणीतरी ऐका!"

गवा मान खाली घालून बसले होते. भाऊसाहेब म्हणाले, "या बाईला सवयच आहे." बापूसाहेब कोवळ्या उन्हाकडे तोंड करून बसले होते, कारण ऊन तेवढं ठरल्याप्रमाणे आलं होतं.

ती आणखी उंच गेली. आणखी जोरात ओरडली. अर्ध्या कोसावर, बेटावर, सगळीकडे तिचा आवाज गेला. "कुणी आहे का? कुणीतरी ओ द्या ना!"

कुणीच ओ देईना.

आणि मग बेटाच्या काठावरची झुडपं हलली. कालिंदी दोन हात वर उडाली. झुडपांतून एक म्हातारी मगर बाहेर आली. नाकावर चष्मा, बगलेत वही, कानाला पेन्सिल.

"ओ!" ती वैतागून म्हणाली. "काय गं बाई, किती ओरडशील? आत सभा चालू आहे आमची. मला एक अक्षर लिहू देत नाहीस. तुमचा हल्ला बघितलाय आम्ही, विषयपत्रिकेवर आहे तो. आयत्या वेळच्या विषयांत. ते चहानंतर, आणि चहा साडेअकराला. तोवर जरा गप्प बसा सगळे!"

कालिंदीने नखांवर पुन्हा मोजलं: पाणी सव्वाअकराला, चहा साडेअकराला.

तात्पर्य: मुलांनो, तुमच्या बाजूला कुणी ऐकत नसेल तर घाबरून जाऊ नका. शत्रूच्या बाजूलाही कुणी ऐकत नसतं. युद्ध तोच जिंकतो, ज्याचा चहा लवकर होतो.