घरगाडीची कवळी

बाबांनी घरगाडी घासायला घेतली ती चक्क टूथब्रशनं.

"बाबा, ही गाडी आहे," लेकीनं बादली आपटली. "अख्खी. चाकांसकट. आणि सहा वाजेपर्यंत व्हायला हवीय!"

"घाई केली की चमक येत नाही," असं म्हणून बाबा दाराशेजारची बोटभर जागा घासत राहिले.

त्यांचा तरी काय दोष? गेली बावीस वर्षं ते कवळ्या बनवत होते. डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि बाबा एकेक दात असा घासायचे, की ज्याचा त्याला खरा वाटावा. पण कवळ्यांना माणसांचे कार्यक्रम कळत नाहीत. सहलीच्या बरोब्बर आदल्या दिवशी कुणाची तरी कवळी तुटायची, दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी लग्न असायचं, आणि बाबा म्हणायचे, "बिचारे जेवणार कसे?" असं तीन वर्षं चाललं होतं. लेकीनं तीनदा बॅग भरली होती आणि तीनदा तीच बॅग फाटकापर्यंतसुद्धा न जाता परत कपाटात गेली होती.

म्हणून ही घरगाडी. आत दोन पलंग, एक शेगडी आणि खिडकीशी एक घडीचं टेबल. लेकीनं ते टेबल टेपनं मोजलं होतं. बाबांचं घासायचं यंत्र त्यावर अगदी नीट बसत होतं! म्हणजे आता कवळी तुटो नाहीतर अख्खा जबडा, सहल रद्द होणं शक्यच नव्हतं. गाडीच्या मालकानं पैसे आधीच घेऊन ती आठ दिवस वापरायला दिली होती. आवडली तर ठेवा, नाहीतर परत. आज आठवा दिवस, आणि संध्याकाळी सहाला तो येणार होता.

अडलं होतं ते आईपाशी. आई वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांचं ऐकायचं आणि घरी आल्यावर आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती उठल्यापासून झोपेपर्यंत बोलायची, आणि ऐकायला कुणी नसलं तर कुकरला बोलायची.

"त्या गाडीत काहीतरी आहे," आत्या आठ दिवस म्हणत होती. "मला कळतं. अंगावर काटा येतो माझ्या!"

आईला काटाबिटा येत नव्हता, पण तीन वर्षं झाडाखाली उभी राहून गाडीचा रंग तापातल्या माणसाच्या जिभेसारखा झाला होता. "बघून बरं वाटेल अशी दिसली तर ठेवू," आईनं निकाल दिला होता. "नाहीतर सहाला परत."

आज सुट्टी म्हणून आई घरीच होती, आणि सकाळी यावरूनच खटका उडाला. "मला विचारतंय कोण इथे!" असं म्हणत आत्यानं पिशवी उचलली. "मी मैत्रिणीकडे चालले. रात्री येईन." आणि ती तरातरा निघून गेली.

मग बापलेक कामाला लागले. बाबांनी सगळं त्यांच्या पद्धतीनं केलं. पाणी आत जाऊ नये म्हणून दाराच्या फटी कवळीच्या गुलाबी मेणानं बुजवल्या. खिडक्यांच्या कडाही बुजवल्या. दाराची मूठ दांडीसकट उपसून काढली आणि घरात नेऊन पाण्याच्या वाटीत भिजत ठेवली.

"आता दार उघडणार कसं?"

"उघडायचंय कशाला? आपण बाहेरून धुतोय ना!"

बाबा पंजाएवढा एकच चौकोन घासायचे. मग शेजारच्याला धक्का लागू नये म्हणून थोडी जागा सोडून दुसरा. लेक शिडीवर चढून वरून पाइपनं पाणी सोडत होती. चारच्या सुमाराला धुकं उतरलं. आधी फाटक दिसेनासं झालं, मग शेजारची भिंत, आणि शेवटी जगात फक्त गाडी, बादली आणि दोन माणसं उरली.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "आज फार शांत नाही वाटत?"

बाबांनी कान दिला. खरंच. घरातून काहीच आवाज येत नव्हता. त्या घरात अशी शांतता कधी नव्हतीच. कुणीतरी श्वास रोखून उभं असावं, तशी ती वाटत होती.

आणि मग गाडी वाळली.

लेक चार पावलं मागे सरकली आणि तिच्या हातातला फडका खाली पडला. राखाडी गाडीवर, पुढपासून मागपर्यंत, पांढऱ्याशुभ्र चौकोनांच्या दोन रांगा उमटल्या होत्या. एक वर, एक खाली. त्यांच्यावर दोन काळ्या खिडक्या. गाडी धुक्यातून त्यांच्याकडे बघून हसत होती. सगळे दात दाखवून.

"बाबा! तू हिला कवळी बसवलीस!"

"अरेच्चा," बाबांनी चष्मा पुसला. "सवय गं. पण बघ, ठेवण किती छान आलीय."

"आई हे बघून बरं वाटून घेणार आहे? पुस ते!"

"चमक पुसता येत नाही. मधलं घासावं लागेल."

उजव्या खिडकीवर, म्हणजे उजव्या डोळ्यात, पंजाचा एक ठसा होता. लेकीनं फडका फिरवला. ठसा तिथेच. साबण लावला. तिथेच. तिनं नखानं खरवडलं, आणि हात झटकन मागे घेतला.

"बाबा... हा आतून आहे."

दोघं बघत असतानाच ठशाशेजारी दुसरा पंजा उमटला.

टक्. टक्. टक्.

"पत्रा आकसत असेल," बाबा म्हणाले. पण म्हणताना ते लेकीच्या मागे जाऊन उभे राहिले होते.

"आत कोण आहे?" लेकीनं ओरडून विचारलं.

उत्तर आलं ते वरून, छपराच्या झरोक्यातून. घोगरं, ओढलेलं, कुणाचंच नसल्यासारखं.

"पाऽऽणीऽऽ..."

"आत्या म्हणाली होती," लेक कुजबुजली. "काहीतरी आहे म्हणून."

"आत्याच तर नाही ना?"

"आत्या कधी एका शब्दावर थांबलीय?"

हे बाबांना पटलं. न पटण्यासारखं काही नव्हतंच.

"पाणी मागतंय ते," बाबा म्हणाले. "तहानलेलं असणार. तीन वर्षं बंद होतं ना. देऊन टाक, म्हणजे जाईल."

लेकीनं पाइप वर धरला आणि झरोक्यात नळ पुरता सोडला. आत काहीतरी धडपडलं.

"पाणीऽऽ!"

"अजून हवंय!"

"मूठ आण घरातून," बाबा म्हणाले. "दार उघडून बघू."

"मी जाऊ? आणि तू इथे एकटा?"

"नको. मी जातो."

"म्हणजे मी इथे एकटी?"

"मग दोघंही जाऊ."

"आणि हे बाहेर आलं तर?"

असा दहा मिनिटं विचार झाला, आणि तेवढा वेळ पाणी चालूच होतं.

सहाच्या ठोक्याला धुक्यातून मालक उगवला. दणकट माणूस, आवाज ढोलासारखा. त्याच वेळी घरातून आई आली. तिचे डोळे जड होते, गालावर उशीची सुरकुती होती.

"काय मग वहिनी!" मालक गरजला. "परत न्यायचीय का? नेतो की. या गाडीत मी एकटा हिंडलोय, जंगलातून. हिच्यासारखी गुणी..."

तेवढ्यात त्याला दात दिसले. मग दोन पंजे दिसले. आणि मग झरोक्यातून आलं, "सोडाऽऽ..."

मालकानं खिशातून गाडीची कागदपत्रं काढली, अंतर राखून बादलीवर ठेवली आणि पाठ न फिरवता मागे मागे जाऊ लागला. "आठ दिवस झाले. म्हणजे तुम्ही ठेवली. परत घेत नसतो आम्ही." फाटक वाजलं. मग पळण्याचा आवाज आला.

"अहो, हे काय चाललंय?" आईनं विचारलं.

बापलेकीनं एकाच वेळी सगळं सांगितलं. आईनं ऐकलं. ऐकायची तिला सवयच होती. मग तिनं नळ बंद केला, घरात जाऊन वाटीतली मूठ आणली, दांडी भोकात घातली आणि फिरवली. गुलाबी मेण चर्रकन फाटलं.

दारात आत्या उभी होती. नखशिखांत भिजलेली, केस चेहऱ्यावर, एका हातात ओली पिशवी.

"अरे, माणसं आहात की कोण तुम्ही! झोपून घसा बसला म्हणून घोटभर पाणी मागितलं, तर नळच सोडलात! मग 'पाणी थांबवा, पाणी थांबवा' म्हणून ओरडतेय, तर तोंड उघडलं की पाणी तोंडात! एक शब्द बोलू देतील तर शपथ! गाडीतले दोष शोधून वहिनीला दाखवावेत म्हणून मैत्रिणीकडे जायच्या आधी आत आले, जरा आडवी झाले, कानातलं यंत्र काढून ठेवलं..."

"कधी आलीस आत?"

"सकाळीच! आणि डोळा लागला तो थेट संध्याकाळपर्यंत. अशी झोप मला बारा वर्षांत नाही लागली. पण दाराला मूठ नाही, काय कैदखाना आहे का हा..."

आत्या बोलत राहिली. लेक मात्र आईकडे बघत होती. आता आई म्हणणार, मालकाला गाठा, गाडी परत करा. बॅग चौथ्यांदा कपाटात.

आईनं दातांच्या दोन रांगांवरून नजर फिरवली. मग फाटलेल्या मेणाला बोट लावून बघितलं.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "ताई सकाळपासून आत बोलत होत्या?"

"निदान संध्याकाळपासून तरी," बाबा म्हणाले.

"आणि मला घरात काहीच ऐकू आलं नाही. मी दुपारी झोपले. तीन तास." तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरलं, की लेकीला गाडीचं हसू बरं वाटलं. "गाडी ठेवू या. उद्याच निघू."

"खरंच? आई! दात घासून सारखे करतो आम्ही!"

"असू देत. बघून बरं वाटतंय मला," आई म्हणाली. तिनं दारातली मूठ दांडीसकट उपसली, पदरानं पुसली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. "फक्त एक सांगा. मी आत आणि ताई बाहेर असल्या, की आतून लावायला मेण किती उरलंय?"